बातमी, जाहिरात आणि लपविलेला वक्ता

१

ऑक्टोबर २००९ मध्ये, महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या तीन मराठी दैनिकांत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या नेतृत्वाची प्रशंसा करणारा एकच लेख शब्दशः प्रसिद्ध झाला. त्या काळात त्यांच्यासंबंधी पानेच्या पाने मजकूर निघाला. 'जाहिरात' हा शब्द त्यावर नव्हता. उमेदवार या नात्याने त्यांनी सादर केलेल्या हिशेबात मात्र वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च ५,३७९ रुपये इतकाच दाखविलेला होता. पी. साईनाथ यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'द हिंदू'मधून ही विसंगती उघड केली आणि 'पेड न्यूज' हा शब्द मराठीत रूढ झाला.

पुढील न्यायालयीन प्रवास सर्वज्ञात आहे. पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांच्या तक्रारीवरून उभ्या राहिलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी निर्णय दिला. उमेदवाराने दिलेला हिशेब केवळ वेळेवर आला की नाही एवढेच नव्हे, तर तो खरा आहे की नाही हेही निवडणूक आयोग तपासू शकतो, असे त्यात म्हटले होते. जुलै २०१४ मध्ये आयोगाने हिशेब सदोष ठरविला. सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने उमेदवारावर दोष सिद्ध झाला असे म्हणता येत नाही.

परंतु पैसे कोणी दिले, या प्रश्नाचे उत्तर न मिळताही एक गोष्ट शिल्लक राहते. तीन स्वतंत्र दैनिके तोच मजकूर त्याच शब्दांत स्वतंत्रपणे लिहू शकत नाहीत. वाचकापुढे मात्र तो प्रत्येक दैनिकाचा स्वतःचा मजकूर म्हणूनच आला. तेव्हा निदान दोन ठिकाणी तरी वाचकाला दिसणारा वक्ता हा खरा वक्ता नव्हता. यासाठी पावती लागत नाही, साक्षीदार लागत नाही. तीन अंक शेजारी शेजारी ठेवून वाचणे पुरेसे होते. म्हणूनच हा प्रश्न केवळ निवडणूक-कायद्याचा किंवा व्यावसायिक आचारसंहितेचा नाही. तो वाचनाचा, म्हणजेच समीक्षेचाही प्रश्न आहे.

२

बातमीच्या वेषातील जाहिरातीचा निषेध करताना सामान्यतः दोन शब्द योजले जातात: 'असत्य' आणि 'लोभ'. दोन्ही अपुरे आहेत. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० मध्ये पेड न्यूजची जी व्याख्या केली, तिचा आशय असा की, रोख अथवा वस्तुरूप मोबदल्याच्या बदल्यात प्रसिद्ध होणारी कोणतीही बातमी वा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज. या व्याख्येत मजकूर खोटा असण्याची अट नाही, आणि ते योग्यच आहे. उमेदवाराने बांधलेला पूल खरोखरच बांधलेला असू शकतो. सभेला गर्दी खरोखरच झालेली असू शकते. प्रत्येक विधान खरे असूनही संपूर्ण मजकूर फसवा असू शकतो. मग फसवणूक नेमकी कशाची होते?

लोभाचेही तसेच. वृत्तपत्र हा व्यवसाय आहे, त्याला उत्पन्न हवे आणि ते जाहिरातींतून येते, हे कोणी नाकारत नाही. उघड जाहिरातीत अनैतिक असे काही नसते. ती आपला पक्षपात लपवीत नाही. चौकट, अक्षरांचे वळण, उत्पादकाचे नाव या सर्वांमधून ती वाचकाला सावध करते. विकणारा आपल्या मालाची स्तुती करणारच, हे गृहीत धरून वाचक ती वाचतो. अतिशयोक्ती हा तेथे दोष ठरत नाही, कारण त्या लेखनप्रकाराचा तो मान्य अलंकार आहे.

येथे लेखनप्रकाराची संकल्पना उपयोगी पडते. कोणताही लेखनप्रकार म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातील एक अलिखित करार असतो. आत्मचरित्र म्हणून छापलेले पुस्तक काल्पनिक निघाले तर वाचक दुखावतो. तेच पुस्तक कादंबरी म्हणून आले असते तर तो दुखावला नसता. वाक्ये तीच असतात. मोडतो तो करार. बातमीच्या करारातही एक न उच्चारलेले कलम आहे: हा मजकूर येथे आला तो कोणाच्या तरी मते तो कळण्याजोगा होता म्हणून, कोणी त्याचे मोल दिले म्हणून नव्हे. वेषांतरित जाहिरात या कलमाचा लाभ घेते आणि त्याच क्षणी ते मोडते. सर्वत्र वाक्ये विकत मिळतात असे लोकांनी गृहीत धरले, तर विकतच्या वाक्याला बातमीचा वेष देण्यात काहीच लाभ उरणार नाही. खोटे नाणे चालते ते बाजारात खरी नाणी असतात तोवरच.

३

भारतीय ज्ञानमीमांसेने या प्रश्नाची मांडणी फार पूर्वी केलेली आहे. न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले, पण ते आप्ताच्या शब्दापुरतेच. आप्त कोण, याचे वात्स्यायनाने केलेले स्पष्टीकरण लक्षणीय आहे. ज्याने वस्तू साक्षात् जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्याला कळावी या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो सांगतो. म्हणजे आप्तत्व ना जन्माने येते, ना पदाने. ते दोन गोष्टींवर उभे आहे: वस्तूचे ज्ञान आणि बोलण्यामागचा हेतू.

बातमीदार हा आधुनिक काळातील आप्त होय. मंत्रालयात, न्यायालयात, दुष्काळी तालुक्यात जे घडते ते प्रत्यक्ष पाहणे बहुसंख्य नागरिकांना शक्य नसते. त्यांचे जगाविषयीचे बरेचसे ज्ञान हे शब्दजन्य ज्ञान असते. वेषांतरित जाहिरात आप्तत्वाच्या पहिल्या अटीला धक्का लावीलच असे नाही. ती दुसरी अट मोडते. बोलण्याची प्रेरणा 'दुसऱ्याला कळावे' ही न राहता 'दुसऱ्याने घ्यावे' किंवा 'दुसऱ्याने मत द्यावे' ही होते. हा हेतू स्वतःत निंद्य नाही; पण तो लपविला की श्रोत्याला शब्दाचे प्रामाण्य तपासण्याचा मार्गच उरत नाही.

हाच मुद्दा साहित्यशास्त्राच्या अंगानेही मांडता येतो. 'काव्यप्रकाशा'त मम्मटाने अर्थाच्या व्यंजकतेची कारणे सांगताना वक्त्याचे वैशिष्ट्य अग्रस्थानी ठेवले आणि श्रोता, स्वर, प्रसंग, स्थळ, काळ यांचीही गणना केली. सूर्यास्त झाल्याचे सांगणारे एकच वाक्य गुराख्याच्या तोंडी एक सुचविते, अभिसारिकेच्या सखीच्या तोंडी दुसरे. वाच्यार्थ तोच राहतो, व्यंग्यार्थ मात्र बोलणाऱ्यानुसार बदलतो. 'अमुक उमेदवाराला मतदारसंघात वाढता पाठिंबा' हे वाक्य उमेदवाराच्या तोंडी आले तर त्यातून आशा किंवा आवाहन सूचित होते. बातमीदाराच्या तोंडी आले तर निरीक्षण. वेषांतरित जाहिरात वाच्यार्थाला हातही लावीत नाही. ती वक्ता बदलते, आणि तसे करताना व्यंग्यार्थाचीच चोरी करते. वृत्तपत्राचे पान हे येथे मम्मटाच्या यादीतील 'स्थळ' होय. ज्याला किंमत मिळते ती शब्दांना नव्हे, त्या स्थळाला.

वृत्तपत्र परिषदेच्या उपसमितीने २०१० मध्ये नोंदविलेली दोन निरीक्षणे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. प्रतिस्पर्धी पत्रांत साधारण एकाच वेळी तेच मथळे, तीच छायाचित्रे आणि तोच मजकूर वेगवेगळ्या लेखकांच्या नावे आला, हे पहिले. एकाच पानावर एकाच मतदारसंघातील दोन विरोधी उमेदवारांच्या निश्चित विजयाच्या वार्ता शेजारी शेजारी छापल्या गेल्या, हे दुसरे. एकीकडे एक वाक्य आणि अनेक वक्ते, दुसरीकडे एक वक्ता आणि परस्परांना खोडणारी वाक्ये. दोन्हींत निष्पन्न एकच: बोलणारा कोणी नाहीच.

४

साहित्य-सिद्धांताशी परिचित असलेला वाचक येथे एक आक्षेप घेईल, आणि तो गंभीर आहे. बातमी ही 'निर्मळ' असते, ही समजूतच भाबडी नव्हे काय? रोलाँ बार्तने १९५७ मधील 'मिथॉलॉजीज'मध्ये दाखविले की नियतकालिकातील साध्या छायाचित्रातही विचारप्रणाली निसर्गाचा वेष घेऊन वावरत असते. कोणती घटना 'घटना' ठरते, कोणाचा मृत्यू पहिल्या पानावर येतो, हे सत्तासंबंधच ठरवितात. मग बातमी आणि जाहिरात यांतील भेद हा केवळ प्रमाणाचा नव्हे काय? शिवाय वक्ता कोण, हा प्रश्नच गैरलागू आहे, असे बार्तने लेखकाच्या मृत्यूची घोषणा करून आणि फूकोने १९६९ च्या आपल्या व्याख्यानात लेखक हे संहितेचे एक कार्य मानून सुचविले नव्हते काय?

या आक्षेपातील पहिला भाग खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खरा नाही. प्रत्येक बातमी ही रचना असते, यावरून प्रत्येक बातमी विकलेली असते असे निष्पन्न होत नाही. पक्षपाती दृष्टी ही दृष्टीच असते; तिच्याशी वाद घालता येतो, तिचे पूर्वग्रह उलगडता येतात, दुसऱ्या दृष्टीने तिचे खंडन करता येते. विकलेल्या मजकुरात दृष्टी नसते. तेथे एक व्यवहार असतो, आणि व्यवहाराशी वाद घालता येत नाही. विचारप्रणालीची समीक्षा करणारा समीक्षक संहितेत ती कोठे दडली आहे हे दाखवू शकतो, कारण ती संहितेतच असते. पावती संहितेत नसते.

दुसऱ्या भागाविषयी अधिक सावध राहावयास हवे. लेखकाचे अधिराज्य नाकारण्यामागे एक मुक्तीची प्रेरणा होती: अर्थावरील मालकी एका नावाकडून काढून वाचकाकडे द्यावयाची होती. वेषांतरित जाहिरातीतही लेखक नाहीसा होतो, पण तो वाचकाला मोकळे करण्यासाठी नव्हे, त्याला बांधण्यासाठी. तेथे लेखक मेलेला नसतो. तो पडद्याआड उभा असतो आणि आपल्या इच्छेनुरूप अर्थ निघेल याची त्याने पूर्वतजवीज केलेली असते. कवितेच्या संदर्भात मुक्त करणारा सिद्धांत ग्वाहीच्या संदर्भात जसाच्या तसा लावला, तर तो फसविणाऱ्याच्या सोयीचा ठरतो. कविता कोणी लिहिली हे न कळताही ती वाचता येते. साक्ष कोणी दिली हे न कळता ती स्वीकारता येत नाही. फूकोने स्वतः हा भेद ओळखला होता. लेखक-कार्य सर्व प्रकारच्या लेखनाला सर्व काळी सारखेच लागू होत नाही, हे त्याच्या प्रतिपादनाचे एक अंगच होते. मराठीत त्याचे नाव घेताना हे अंग बहुधा गळून पडते.

५

दुसरा आक्षेप इतिहासाच्या बाजूने येतो. 'ऱ्हास' म्हटले की पूर्वी कधीतरी उत्कर्ष होता हे गृहीत धरले जाते. तसा सुवर्णकाळ होता काय? १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर आणि १८८१ मध्ये निघालेला 'केसरी' यांची नावे घेऊन वर्तमानाला लाजविणे सोपे आहे. परंतु त्याच परंपरेत एक अस्वस्थ करणारी नोंद आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे 'मूकनायक' निघाले, तेव्हा त्याची पैसे देऊन दिलेली जाहिरातही 'केसरी'ने स्वीकारली नाही, असे धनंजय कीर यांनी आंबेडकर-चरित्रात नमूद केले आहे. म्हणजे बातमी आणि पैसा यांमधील भिंत शाबूत असतानाही वृत्तपत्राचे दार सर्वांना उघडे नव्हते. ती भिंत जातीच्या भिंतीला लागूनच उभी होती. पैशाला नकार देणे हे आपोआप नीतीचे लक्षण ठरत नाही.

ही नोंद विसरून केलेले कोणतेही गतकालगौरवाचे लेखन खोटे ठरेल. पण ती नोंद एक भेदही स्पष्ट करते. 'केसरी'चा नकार हा 'केसरी'चा होता. त्याच्याखाली एक नाव होते, त्या नावामागे संपादक होता, त्या संपादकाची मते जाहीर होती. म्हणूनच तो नकार इतिहासात नोंदला गेला आणि शंभर वर्षांनंतरही त्याबद्दल त्या पत्राला जाब विचारता येतो. गोपाळ गणेश आगरकरांना 'केसरी'तून आपली सामाजिक मते मांडणे अशक्य झाले, तेव्हा १८८७ मध्ये ते संपादकपदावरून दूर झाले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. एका पत्रात दोन परस्परविरोधी वक्ते राहू शकत नाहीत, ही जाणीव त्या कृतीच्या मुळाशी होती. एकाच पानावर दोन उमेदवारांना विजयी करणाऱ्या पत्राला ही अडचण जाणवत नाही, कारण तेथे कोणाचेच मत नसते.

तेव्हा ऱ्हास झाला तो शुद्धतेचा नव्हे. ती पूर्वीही नव्हती. ऱ्हास झाला तो उत्तरदायित्वाचा. अन्याय करणारे पत्र आणि अनुपस्थित पत्र यांत पहिल्याशी निदान भांडता येते. आंबेडकरांनी ते केले; स्वतःचे पत्र काढून केले.

६

ही अनुपस्थिती काही व्यक्तींच्या दुर्बलतेतून आली नाही, तिची रीतसर व्यवस्था झाली. २००३ मध्ये बेनेट, कोलमन आणि कंपनीने 'मीडियानेट' हा उपक्रम सुरू करून पुरवण्यांतील मजकुराच्या विक्रीला उघड व्यावसायिक रूप दिले. २००५ च्या सुमारास 'प्रायव्हेट ट्रीटी'च्या रूपाने जाहिरातींच्या बदल्यात कंपन्यांचे भागभांडवल घेण्याची पद्धत आली. ज्या कंपनीचे समभाग आपल्याकडे आहेत तिच्याविषयी निःपक्ष बातमी देणे वृत्तपत्राला कितपत शक्य आहे, हा प्रश्न इतका उघड होता की २०१० मध्ये 'सेबी'ला अशी भागीदारी जाहीर करण्याची सक्ती सुचवावी लागली. निवडणुकीच्या काळातील 'पॅकेज' हे याच व्यवस्थेचे फळ होते. २००९ मध्ये विधानसभेच्या उमेदवाराला महाराष्ट्रात १० लाख रुपयांची खर्चमर्यादा होती. उघड जाहिरात त्या मर्यादेत मोजली जाते, बातमी मोजली जात नाही. खर्चाची मर्यादा ओलांडू पाहणारा उमेदवार आणि हिशेबाबाहेरचे उत्पन्न हवे असलेले पत्र या दोघांनाही म्हणूनच 'जाहिरात' हा शब्द नकोसा होतो.

या व्यवहाराला कायदा अर्धाच भिडतो. उत्तर प्रदेशातील बिसौली येथील आमदार उमलेश यादव यांना २००७ च्या निवडणुकीत वृत्तपत्रांतील अशा मजकुराचा खर्च हिशेबात न दाखविल्याबद्दल निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०११ मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरविले. पेड न्यूजवरून झालेली ही पहिली अपात्रता. विकत घेणाऱ्यास शिक्षा झाली. विकणाऱ्यास तशी शिक्षा देणारी तरतूदच नाही. १९७८ च्या कायद्यानुसार वृत्तपत्र परिषद ताकीद देऊ शकते, कानउघाडणी करू शकते, निषेध नोंदवू शकते. त्यापलीकडे तिला अधिकार नाही.

खुद्द परिषदेचे वर्तन तर या संपूर्ण प्रश्नाचे रूपक ठरावे असे आहे. परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने ७१ पानांचा सविस्तर अहवाल तयार केला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. जुलै २०१० मध्ये परिषदेने तो प्रसिद्ध न करता नावे वगळलेला संक्षिप्त अहवाल स्वीकारला. मूळ अहवाल सर्वांसाठी खुला झाला तो केंद्रीय माहिती आयोगाने २०११ मध्ये तसा आदेश दिल्यानंतर. वक्ता लपविण्याच्या रोगाचे निदान करणारा दस्तऐवजही प्रथम नावे लपवूनच बाहेर आला.

१८६७ च्या मुद्रण आणि पुस्तक नोंदणी कायद्याने प्रत्येक वृत्तपत्रावर संपादकाचे नाव छापण्याचे बंधन घातले होते. अंकाच्या शेवटच्या पानाच्या तळाशी, बातम्यांच्या निवडीची जबाबदारी अमुक व्यक्तीची, अशी बारीक अक्षरातील ओळ त्यामुळेच येत असे. परकीय सत्तेचा हेतू उघड होता: राजद्रोहाचा खटला कोणावर भरावयाचा हे तिला कळावयास हवे होते. १८९७ आणि १९०८ मध्ये टिळकांवर 'केसरी'तील लेखनासाठी खटले चालले. लेखनाला कोणीतरी उत्तरदायी असते, ही कल्पना त्या काळी तुरुंगाच्या दारापर्यंत नेणारी होती. १८६७ च्या त्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या कायद्याने घेतली असून तो १ मार्च २०२४ पासून अमलात आहे. संपादकाचे नाव आजही छापले जाते. प्रश्न आहे तो त्या नावामागे निवड करणारा माणूस उरला आहे की नाही, हा.

७

या विवेचनाचा शेवट वृत्तपत्रांवरील आरोपाने करणे सोयीचे असले तरी प्रामाणिकपणाचे होणार नाही. आप्तत्वाचा करार बातमीपुरता मर्यादित नाही. ग्रंथपरीक्षण हीदेखील एक ग्वाही आहे. स्नेह्याच्या ग्रंथाचे त्या स्नेहाचा उल्लेख न करता केलेले परीक्षण. प्रकाशकाने पुरविलेल्या मलपृष्ठावरील मजकुराची शब्दरचना बदलून केलेला 'पुस्तक-परिचय'. परस्परांच्या गौरवग्रंथांत परस्परांनी लिहिलेले लेख. पुरस्कार-समितीवर असताना केलेली स्तुती: यांत पैशाची देवघेव क्वचितच होते. परंतु परिषदेच्या व्याख्येत मोबदला केवळ रोख रकमेचा नाही. पदोन्नती, निमंत्रण, प्रस्तावना, परतफेडीची अपेक्षा हेही मोबदलेच. वाचकाला दिसणारा वक्ता, म्हणजे तटस्थ समीक्षक, आणि खरा वक्ता, म्हणजे ऋणको, यांत तफावत आहे आणि ती लपविलेली आहे. रोगाचे लक्षण तेच आहे. फक्त रक्कम लहान आहे.

पक्षपात टाळणे कोणालाच पूर्णतः साधत नाही, आणि त्याची मागणीही नाही. मागणी इतकीच आहे की, जेथून बोलले जाते ती जागा बोलणाऱ्याने दाखवावी. स्नेह असेल तर तो सांगून स्तुती करावी. विरोध असेल तर तो सांगून टीका करावी. मोबदला घेतला असेल तर 'जाहिरात' हा चार अक्षरी शब्द छापावा. हा शब्द छापल्याने मजकुरातील एकही विधान बदलत नाही. तरीही तो टाळण्यासाठी एवढी किंमत मोजली जाते, यावरूनच त्या शब्दाचे नैतिक मूल्य किती, हे कळून येते.